हिशेब क्लाउडवर नेताय? डेटा चढवण्याआधी कामांचा क्रम लावून घ्या

हिशेब क्लाउडवर हलवताना बहुतेक ठिकाणी कामांचा क्रमच उलटा होतो. आधी सॉफ्टवेअर घेतलं जातं, लगेच सगळ्या खातेवह्या वर चढतात, आणि कुणाला किती अधिकार, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर ओळख पटवायची दुसरी पायरी), बॅकअप हे सगळं ‘एकदा काम रुळलं की बघू’ म्हणून मागे पडतं. काम रुळतं, पण ते बघणं राहूनच जातं.

हे स्थलांतर मी बऱ्याच कार्यालयांत जवळून पाहिलं आहे. सर्व्हर फोडून कुणी आत शिरल्याचं त्यांपैकी एकाही ठिकाणी घडलेलं नाही. घडलं ते असं: एक्स्पोर्ट केलेली, म्हणजे सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलेली फाइल कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर राहिली, पाच जण एकच लॉगिन वापरत राहिले, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं वर्षभर चालू राहिलं. सेवा देणारी कंपनी आपले सर्व्हर सांभाळते. लॉगिन कोण करतो, त्याला काय दिसतं आणि तो कुठली फाइल उतरवून घेतो, हे तिच्या हातात नसतं. ती बाजू तुमची, आणि खालचे टप्पे त्याच बाजूचे आहेत. क्रम बदलू नका. मागचा टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा हाती घेऊ नका.

टप्पा १ : काय आहे आणि कुठे आहे, याची यादी

एक साधा तक्ता करा. रकाने चारच: माहिती कोणती, सध्या कुठे आहे, कोण वापरतं, नव्या जागी न्यायची की नाही.

लेजर आणि व्हाउचर सगळ्यांना आठवतात. विसरतात ते पगारपत्रक, पुरवठादारांचे बँक तपशील, स्कॅन केलेली बिलं, सह्यांचे नमुने, आणि कुणाच्या तरी डेस्कटॉपवर पडलेली ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ अशा नावांची एक्सेल शीट. ईमेलची जोडपत्रं आणि चॅटवर पाठवलेले फोटोही यादीत धरा.

सगळंच वर न्यायला हवं असं नाही. जुनी, बंद झालेली वर्षं कायद्याने जपावी लागतात, पण रोजच्या वापराच्या खात्यात ती हवीतच असं नाही. ती कूटबद्ध करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत अशी बंद करून, वेगळी ठेवली, तर उद्या एखादं लॉगिन चोरीला गेलं तरी चोराच्या हाती कमी लागतं.

तपासा: कुठल्याही ओळीत ‘कोण वापरतं’ हा रकाना रिकामा असेल तर ती माहिती आत्ता हलवू नका. आधी तिचा धनी ठरवा.

टप्पा २ : सेवा निवडताना विचारायचे प्रश्न

‘तुमचा डेटा शंभर टक्के सुरक्षित’ हे जाहिरातीतलं वाक्य बाजूला ठेवा आणि पुढच्या गोष्टी लेखी मागा.

- साठवलेला डेटा कूटबद्ध असतो का? आज यासाठी एईएस-२५६ ही पद्धत सर्रास वापरली जाते. येता-जाता तो टीएलएस (नेटवरची वाहतूक कूटबद्ध करणारी पद्धत) १.२ किंवा १.३ मधून जातो का? टीएलएस १.० आणि १.१ हे २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरले आहेत.
- बॅकअप किती वेळाने घेतला जातो आणि बिघाड झाल्यास किती तासांत सेवा परत सुरू होते? पहिलं उत्तर सांगतं की तुमच्या किती तासांच्या नोंदी जाऊ शकतात. दुसरं सांगतं की तुम्ही किती तास अडून राहाल.
- ऑडिट लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं याची आपोआप होणारी नोंद, आहे का? तो किती दिवस राहतो? ॲडमिनला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरला, तो पुसता येतो का? पुसता येत असेल तर त्या लॉगवर विसंबता येत नाही.
- सेवा सोडायची झाल्यास संपूर्ण डेटा कुठल्या स्वरूपात मिळेल, आणि त्यांच्याकडची प्रत किती दिवसांत नष्ट होईल?

प्रमाणपत्रांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे फसगत होते. आयएसओ २७००१ (माहितीच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) चं प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावरचा ‘व्याप्ती’ हा भाग वाचा. कधी ते प्रमाणपत्र एखाद्याच विभागाचं असतं आणि हिशेबाची सेवा त्यात येतच नाही. शिवाय ते २०२२ च्या आवृत्तीनुसार आहे ना, तेही बघा. सॉक अहवाल, म्हणजे कंपनीच्या नियंत्रणांची बाहेरच्या ऑडिटरने केलेली तपासणी, दाखवला तर तो कुठला, हे विचारा. सॉक १ हा ग्राहकाच्या आर्थिक अहवालांवर परिणाम करणाऱ्या नियंत्रणांचा असतो. सॉक २ हा सुरक्षितता, उपलब्धता, गोपनीयता अशा निकषांवरचा असतो. दोन्हींत टाइप १ म्हणजे एका तारखेची स्थिती, तर टाइप २ म्हणजे ठरावीक काळ ती नियंत्रणं खरोखर चालली का, याची तपासणी. मागा टाइप २.

या अहवालांत ग्राहकाने स्वतः कोणती नियंत्रणं पाळायची, याचीही एक यादी असते. ती कुणी वाचत नाही. मी मात्र अहवाल हातात आला की तीच आधी उघडतो. कंपनीची जबाबदारी कुठे संपते आणि तुमची कुठे सुरू होते, हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं असतं.

टप्पा ३ : आधी ईमेल, मग हिशेबाचं खातं

इथे घाई अजिबात नको. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला कितीही भक्कम पासवर्ड लावा, ‘पासवर्ड विसरलात?’ दाबल्यावर दुवा जातो ईमेलवर. ईमेल ज्याच्या ताब्यात, खातेवही त्याच्या ताब्यात. म्हणून सुरुवात ईमेलपासून.

१. ज्या ईमेलवर ॲडमिन खातं उघडायचं, ते संस्थेच्या ताब्यातलं असू द्या. कर्मचाऱ्याचा किंवा सल्लागाराचा खाजगी पत्ता नको. एका ठिकाणी सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या माणसाच्याच ईमेलवर मालकीचं खातं उघडलं गेलं होतं. पुढे त्याच्याशी बिनसलं, आणि स्वतःचेच हिशेब परत ताब्यात यायला मालकांना काही आठवडे पत्रव्यवहार करावा लागला.

२. ईमेलमध्ये आपोआप पुढे पाठवण्याचे नियम तपासा. घुसखोर आत आला की बहुधा असा एक नियम लावून ठेवतो. मग पासवर्ड बदलला तरी तुमची पत्रं त्याला मिळत राहतात.

३. रिकव्हरीसाठी दिलेला फोन नंबर आणि पर्यायी ईमेल अजून आपलेच आहेत ना, ते पाहा.

४. पासवर्ड लांब असावा आणि दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून ठेवणारं ॲप) वापरा. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती करू नका. त्याने लोक शेवटचा आकडा बदलतात आणि तो मॉनिटरला चिकटवतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला, असंच सांगितलं आहे.

५. दुहेरी पडताळणी आधी ईमेलला आणि मग हिशेबाच्या खात्याला लावा. एसएमएसवरचा ओटीपी हा काहीच नसण्यापेक्षा बरा, पण तुमच्या नावाने दुसरं सिमकार्ड काढून तो पळवता येतो. दर ३० सेकंदांनी आकडा बदलणारं ऑथेंटिकेटर ॲप त्याहून चांगलं. तरीही हुबेहूब दिसणारं खोटं लॉगिन पान तुमच्याकडून तो आकडा घेऊन त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरू शकतं. पासकी (फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा हार्डवेअर की (तशीच किल्ली असलेलं छोटं उपकरण) खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशीच बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही. ॲडमिनसाठी तीच वापरा.

६. ॲडमिन दोन हवेत. एकच असेल आणि त्याचा फोन हरवला तर सगळे बाहेर. पाचच्या पाच जण ॲडमिन असतील तर कुलूप लावून उपयोग नाही. रिकव्हरी कोड (फोन हरवला तर आत जायला मिळालेले राखीव कोड) कागदावर छापून तिजोरीत ठेवा. त्यांचा फोटो फोनमध्ये ठेवू नका.

तपासा: नव्या कॉम्प्युटरवरून, खाजगी विंडोत लॉगिन करून पाहा. दुसरी पायरी न विचारता आत जाता आलं तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४ : अधिकार वाटणं

प्रत्येक माणसाला स्वतंत्र लॉगिन. ‘अकाउंट्स’ नावाचं सामायिक लॉगिन असेल तर ऑडिट लॉगमध्ये सगळ्या नोंदी ‘अकाउंट्स’नेच केलेल्या दिसतात, आणि नेमकं कुणी काय केलं ते कधीच कळत नाही.

मग भूमिका ठरवा. बिलं चढवणाऱ्याला पगारपत्रक दिसायचं कारण नाही. ऑडिटरला बघण्यापुरता प्रवेश द्या, तोही मुदतीचा. ‘एक्स्पोर्ट’ आणि ‘डिलीट’ हे दोन अधिकार वेगळे देता येतात का ते पाहा आणि मोजक्याच लोकांना द्या. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फक्त बघण्याचा अधिकार असलेल्यालाही संपूर्ण लेजर एक्सेलमध्ये उतरवता येतं, आणि हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

एक वाटणी मात्र कितीही लहान कार्यालय असलं तरी करा. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलणारा आणि त्याला पैसे मंजूर करणारा, या दोन व्यक्ती वेगळ्या हव्यात.

सावधान: ‘पहिला आठवडा सगळ्यांना पूर्ण अधिकार देऊ, काम अडायला नको’ हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. दिलेला अधिकार काढून घेताना माणसं दुखावतात, म्हणून तो काढलाच जात नाही.

टप्पा ५ : एक्स्पोर्ट आणि वाहतूक

सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत धोक्याची वेळ ही. जुन्या सॉफ्टवेअरला निदान पासवर्ड होता. एक्स्पोर्ट केलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) साध्या वहीसारखी उघडी असते, ज्याच्या हाती पडली त्याने वाचावी.

१. तारीख ठरवा आणि त्या क्षणापासून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नवी नोंद बंद करा. महिनाअखेर सोयीची, कारण बँकेशी ताळमेळ नुकताच झालेला असतो.

२. जुन्या डेटाचा पूर्ण बॅकअप घ्या आणि तो उघडतो का, ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहा.

३. ट्रायल बॅलन्स, येणी-देणी यांची यादी आणि बँक ताळमेळ यांच्या पीडीएफ प्रती काढा. पुढच्या टप्प्यात याच प्रती कसोटी म्हणून लागतील.

४. एक्स्पोर्ट एकाच कॉम्प्युटरवर करा. त्याची डिस्क कूटबद्ध असावी. ज्या फोल्डरमध्ये फाइल ठेवाल तो दुसऱ्या कुठल्या खाजगी क्लाउडशी आपोआप सिंक होत नाही ना, हे आधी बघा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा तसे होत असतात.

५. फाइल दुसऱ्याला पाठवावीच लागली तर ईमेलने किंवा चॅटवर उघडी पाठवू नका. सेव्हन-झिप हा फाइली बांधणारा प्रोग्रॅम वापरून एईएस-२५६ ने बंद करा. झिप फाइलचं जुनं कूटलेखन कमकुवत आहे. शिवाय झिपमध्ये आतल्या फाइलींची नावं उघडीच दिसतात. सेव्हन-झिपच्या स्वतःच्या प्रकारात तीही लपवता येतात. पासवर्ड फोनवर सांगा. फाइल आणि पासवर्ड एकाच ईमेलमध्ये गेले तर कुलूप लावण्याला अर्थ उरत नाही.

६. पाठवलेली फाइल वाटेत बदलली नाही हे पाहायला दोन्ही टोकांना तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने तो निघतो. दोन्हीकडचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे.

सावधान: सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये सहज उघडून ‘सेव्ह’ करू नका. एक्सेल संख्येचे १५ च अंक जपतं. त्यापुढचे अंक शून्य होतात. सुरुवातीची शून्यं गळतात. ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, हे ते स्वतःच ठरवतं. मराठी नॅरेशन असेल तर फाइल यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) मध्येच ठेवा, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आधी बदलून घ्या; नाहीतर वर चढल्यावर नुसती चिन्हं दिसतील. बिघडलेला खाते क्रमांक हा चोरीला गेलेल्या क्रमांकाइतकाच महाग पडतो.

टप्पा ६ : आधी थोडं चढवा, जुळवा, मग बाकीचं

एका महिन्याचा डेटा चाचणी म्हणून चढवा. जुळला तर तो पुसून पूर्ण डेटा चढवा. चाचणीचा तुकडा तसाच ठेवून वर उरलेलं चढवलं की नोंदी दुप्पट होतात.

जुळवणी या क्रमाने करा: व्हाउचरची संख्या, ट्रायल बॅलन्सची बेरीज, प्रत्येक खात्याची शिल्लक, येणी-देणी पक्षवार, आणि बँक शिल्लक. नुसती बेरीज जुळली म्हणून थांबू नका. दोन खात्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज जुळतेच.

सगळ्यात शेवटी पुरवठादारांचे बँक तपशील. जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून प्रत्येक क्रमांक ताडून बघा, नमुन्याला दहा-वीस नव्हे, सगळे. स्थलांतराच्या गडबडीत ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा ईमेल आला तर त्यातल्या नंबरवर फोन न करता तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. ठगांना अशी गडबड फार सोयीची असते.

टप्पा ७ : बाहेरच्या जोडण्या

बँकेचं स्टेटमेंट आपोआप ओढणारी जोडणी, बिलं वाचणारं ॲप, पगाराचं सॉफ्टवेअर, दुकानाचं बिलिंग: प्रत्येक जोडणी म्हणजे आत यायचं एक दार. एका वेळी एकच जोडा. ते ॲप कोणत्या परवानग्या मागतंय ते वाचा. फक्त बिलं वाचणाऱ्या ॲपला सगळी खाती बदलायची परवानगी कशाला हवी? बँकेचा पासवर्ड थेट मागणारी जोडणी टाळा. बँकेच्या स्वतःच्या पानावर जाऊन संमती देता येते, तीच पद्धत घ्या.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुम्ही पासवर्ड बदललात म्हणून या जोडण्या तुटतीलच असं नाही. त्यांच्याकडे वेगळं टोकन, म्हणजे पासवर्डशिवाय आत येण्याचा डिजिटल परवाना, असतं. ते सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतंत्रपणे रद्द करावं लागतं. ब्राउझरच्या एक्स्टेन्शनचंही तसंच. पानावरचा मजकूर वाचायची परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुमचं लेजरही वाचू शकतं. हिशेबासाठी एक्स्टेन्शन नसलेलं वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवा.

टप्पा ८ : जुनी जागा साफ करणं

निदान एक पूर्ण महिनाअखेर नव्या ठिकाणी पार पडू द्या आणि तोवर जुनं सॉफ्टवेअर फक्त बघण्यासाठी ठेवा. मग टप्पा १ चा तक्ता परत उघडा आणि ‘सध्या कुठे आहे’ या रकान्यातली एकेक जागा रिकामी करा. डाउनलोड्स फोल्डर, पेनड्राइव्ह, पाठवलेल्या ईमेलचा फोल्डर, चॅटमधल्या फाइली, रीसायकल बिन.

जपायची प्रत कूटबद्ध करून बाजूला काढा, बाकीचं पुसा. नुसतं डिलीट किंवा झटपट फॉरमॅट केल्याने डेटा बहुतेक वेळा परत मिळवता येतो. एसएसडीवर पुनःपुन्हा लिहून पुसण्याची जुनी युक्तीही भरवशाची नाही. कॉम्प्युटर विकायचा किंवा दुसऱ्याला द्यायचा असेल तर डिस्क उत्पादकाची सुरक्षित-पुसणी सोय वापरा, किंवा डिस्क काढून नष्ट करा.

तपासा: टप्पा ५ मध्ये बनवलेल्या फाइलचं नाव कॉम्प्युटरवर, ईमेलमध्ये आणि चॅटमध्ये शोधून पाहा. कुठेही सापडली तर हा टप्पा अजून पुरा झालेला नाही.

टप्पा ९ : स्वतःचा बॅकअप आणि तो परत चढवून पाहणं

‘क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहेच’ हा गैरसमज मला सर्वांत जास्त भेटतो. कंपनीचा बॅकअप तिच्या स्वतःच्या बिघाडासाठी असतो. तुमच्याच माणसाने चुकून किंवा रागाने वर्षभराच्या नोंदी पुसल्या तर कंपनीच्या दृष्टीने ती ग्राहकाने दिलेली आज्ञा असते. सिंक म्हणजेही बॅकअप नाही. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१ नियम इथेही लागू आहे. एक प्रत नेटपासून तोडलेली असू द्या, म्हणजे खंडणीखोर व्हायरस तिथवर पोचत नाही. पीडीएफ हा बॅकअप नव्हे, कारण त्यातून नोंदी परत चढवता येत नाहीत. बिलांची जोडपत्रं एक्स्पोर्टमध्ये येतात का, तेही बघा. अनेक ठिकाणी ती वेगळी उतरवावी लागतात.

तीन महिन्यांतून एकदा ती प्रत एखाद्या रिकाम्या चाचणी कंपनीत चढवा आणि ट्रायल बॅलन्स जुळवा.

टप्पा १० : दर महिन्याचं काम, आणि संशय आला तर

महिनाअखेरीच्या कामांत चार गोष्टी जोडा: युजरची यादी आणि त्यातली नको ती नावं, ऑडिट लॉगमध्ये अवेळी किंवा अनोळखी ठिकाणाहून झालेली लॉगिनं, बँक तपशिलात झालेले बदल, आणि जोडलेली ॲपं. कुणी नोकरी सोडणार असेल तर त्याचं खातं शेवटच्या दिवशी, तो कार्यालयात असतानाच बंद करा. खातं बंद करा, पुसू नका. नाहीतर त्याच्या जुन्या नोंदींमागचं नाव हरवू शकतं.

घुसखोरीचा संशय आला तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने, स्वच्छ असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून करा:

१. बँकेला फोन करून जाणारी रक्कम रोखा.
२. ईमेलचा पासवर्ड बदला, पुढे पाठवण्याचे नियम काढा, मग हिशेबाच्या खात्याचा पासवर्ड बदला.
३. ‘सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट’ करा आणि जोडण्यांची टोकनं रद्द करा.
४. ऑडिट लॉग उतरवून ठेवा. कुठलीही नोंद दुरुस्त करण्याआधी.
५. सेवा देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या.

हे पाच मुद्दे, बँकेचा आणि कंपनीच्या मदत विभागाचा नंबर एका कागदावर छापून तिजोरीतल्या रिकव्हरी कोडांसोबत ठेवा. ज्या दिवशी ते लागतील, त्या दिवशी खातं उघडत नसेल.